पायरीवरचं पाऊल

आमच्या बदलापूरच्या शाळेची पायरी फोडायला नगरपालिकेचा गवंडी आला, तशी मी तिच्यावरच फतकल मारून बसले. “आजी, उठा, टाइल बसवायच्यात.” “तुझ्या घरी बसव!” आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. माझीच लेक, कुंदा. “आई, मीच सांगितलंय फोडायला.” मग सांगावंच लागलं. ग्रामपंचायतीनं ही शाळा बांधली, तेव्हा मी इथं घमेली वाहत होते. नुकती चालायला लागलेली कुंदा या पायरीच्या ओल्या सिमेंटवर चढली. मुकादम ठसा बुजवायला धावला. मी म्हटलं, “राहू दे. शाळेत तिचं एवढं तरी राहील.” आज तिच्या सहीशिवाय खडू हलत नाही. मला उठवून कुंदानं पदरानं धूळ पुसली. इवल्या पावलाची पाचही बोटं दिसली. ती बघतच राहिली. मी मागं पाहिलं, तर गवंडी हातोडा ठेवून, पायातल्या चपला काढून उभा होता.