सनोबारची रेघ

“हात चांगला आहे,” सुऱ्यांचं दुकान चालवणारा एर्गाश चित्रं चाळत म्हणाला. “पण नक्कल किती दिवस करणार? होलमुरोद उस्तोंच्या घरी भिंतीभर हेच तर लागलंय.”

सनोबारने चित्रं परत घेतली.

सनोबार चित्रकला शिकली होलमुरोदांकडेच. बुखाऱ्यात सगळे त्यांना उस्तो म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. केसाएवढ्या बारीक रेघा, सोन्याचा वर्ख, बदामी डोळ्यांच्या राजकन्या. पुढेपुढे तिचं चित्र कुठलं आणि उस्तोंचं कुठलं, हे त्यांच्या सुनेलाही सांगता येईना. सनोबारला त्याचा केवढा अभिमान! एक दिवस उस्तोंनी तिच्या हातातला कुंचला काढून घेतला.

“यात तू कुठे आहेस, पोरी? मी मलाच किती वेळा बघू? जा, माझ्यापासून लांब जा.”

ती रागाने गेली ती नुराता गावी. तिथल्या शाळेत नोकरी धरली. कित्येक वर्षं काही जमेना. हात आपोआप उस्तोंच्या वळणावर जाई. मग तिने राजकन्या सोडल्या, वर्ख सोडला. डोंगरउतारावरच्या मेंढ्या, तंदूरवर वाकलेल्या बायका, घोडे, असं काहीबाही जाड बोरूने एका दमात काढू लागली. चेहरे कोरे, अर्धा कागद मोकळा. असं पहिलं चित्र झालं तेव्हा ते कुणाचंच वाटेना. ते आपलं आहे, हे कळायलाही तिला थोडे दिवस लागले. गावच्या बाजारात काही विकलीही गेली. उरलेली घेऊन ती उस्तोंना दाखवायला बुखाऱ्यात आली होती.

आणि वाटेत हा एर्गाश म्हणतो, नक्कल.

ती तडक उस्तोंच्या घरी गेली. सून मोहिरा अंगणात जर्दाळू वाळत घालत होती. ती उठून काही सांगू लागली, पण सनोबार थांबली नाही.

खोलीच्या चारही भिंतींवर जाड रेघा. कोरे चेहरे. तिच्याच मेंढ्या, तिच्याच बायका.

“चोरायचंच होतं, तर मला हाकललंत कशाला?” ती दारातूनच म्हणाली.

होलमुरोद खिडकीशी बसले होते. त्यांनी वळायला वेळ घेतला. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, बोरू डाव्या हातात. समोर भिंतीला टेकवलेलं एक चित्र होतं. त्याच्या कोपऱ्यात सनोबारची सही होती.

“मुलाने आणलं नुराताच्या बाजारातून,” ते अडखळत म्हणाले. “हा हात गेला. रेघ पुन्हा पहिल्यापासून गिरवायची होती. म्हटलं, गिरवायचीच तर चांगली गिरवू.”

ते गादीवर कसेबसे बाजूला सरकले आणि बोरू त्यांनी तिच्यापुढे धरला.

“घोड्याची मान काही केल्या वळत नाही. जरा दाखवता का, उस्तो?”