बारीक लाट

“ही बारीक लाट काकूंची नाही,” संशोधक मुलगी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. “मोठी लाट त्यांची. मधूनमधून ही बारीक कुठून येते, ते खात्रीने कळेना. म्हणून तुम्हाला त्रास दिला, काका.”

म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. बायको जाऊन चार महिने झाले होते. आजारपणात ती याच खोलीत, त्या समोरच्या कॉटवर निजली होती. अंगावर चकत्या चिकटवून तिच्या हृदयाची वीज मोजली होती. मग या लोकांनी संगणकात तिचं हृदय उभं केलं. हृदयातली वीज, रक्ताचा दाब, स्नायूंची ओढ, सगळं एकत्र गणिताने चालवायचं आणि गणितातून आलेली रेषा मोजलेल्या रेषेशी ताडून बघायची. जुळली, तर तिच्यासारख्या पेशंटवर कोणता उपचार लागू पडेल, ते आधी संगणकात करून बघता येणार होतं.

“माझ्यासाठी उशीर झाला,” ती म्हणाली होती, “पण कुणाचं तरी भलं होईल.”

आणि रेषा जुळत नव्हती.

“आमचे साहेब म्हणतात, मोजणीच बिघडलीय, टाकून द्या,” मुलगी म्हणाली. “पण मी यंत्र उघडून तपासलं. यंत्र चांगलं आहे.”

हे टाकून दिलं, तर तिची एवढी हौस फुकटच गेली की, म्हाताऱ्याला वाटलं. तो पडद्याजवळ सरकला. बारीक लाटा एकीमागे एक चालल्या होत्या. मग एक जागा रिकामी. मग पुन्हा सुरू.

त्याने नकळत स्वतःची नाडी धरली. ही अडखळ त्याच्या ओळखीची होती. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही. बायको मात्र छातीला कान लावून हसायची. “लोकांचा ठोका घाबरल्यावर चुकतो. अहो, तुमचा जेवतानाही चुकतो!”

“ही माझी आहे,” तो म्हणाला.

“तुमची?”

“तुमच्या माणसाने बजावलं होतं, पेशंटला हात लावायचा नाही. मी शेजारी हात आवरूनच बसलो होतो, ताई. पण चकत्या गार लागल्या, ती घाबरली. तिनेच चादरीखालून माझा हात ओढून घेतला. मग मला सोडवेना.” त्याने मान खाली घातली. “म्हणजे मीच वाटोळं केलं.”

“वाटोळं कसलं, काका! गणितात काकूंना एकटं निजवलं की रेषा जुळायचीच नाही. शेवटी काल मी शेजारी आणखी एक माणूस बसवलं आणि त्याचा हात त्यांच्या हातात दिला. त्या हातातून त्याच्या हृदयाची वीजही आली आणि रेषा तंतोतंत जुळली. असं कुणी खरंच होतं का, एवढंच विचारायचं होतं.”

“मग टाकणार नाही ना?”

“आता कशी टाकेन? दुसऱ्या पेशंटसाठी वापरताना तो हात काढला की झालं.”

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. उठून मुलीला हात जोडले. दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

“बाकीच्यांसाठी काढा,” तो म्हणाला. “तिच्या हातातला मात्र राहू द्या.”