त्यांच्याकडचा उतार

बद्रीनाथ सर बीड बायपासवरच्या दुसऱ्या एका मंगल कार्यालयात लग्न जेवून आले ते थेट ऑफिसात शिरले.

"अमृता मॅडम, त्यांनी स्वयंपाकघरापासून जेवणाच्या हॉलपर्यंत सिमेंटचा उतार केलाय. वरणाचं पातेलं ट्रॉलीवर जातं. बायांना पायऱ्या चढायचं कामच नाय. काय डोकं हाय लोकांचं."

अमृता सरांच्या मंगल कार्यालयाची सुपरवायझर. हाच उतार ती दोन वर्षं मागत होती. पहिल्यांदा सर म्हणाले, बघू. नंतर म्हणाले, खर्च किती, पाणी कुठं जाईल, गाड्या कुठं लावायच्या. एवढे फाटे फुटले की तिनंच विषय सोडला. मागच्या महिन्यात आशाबाई उकळत्या वरणासकट पायऱ्यांवर घसरली, तर म्हणे बाईचं लक्ष नव्हतं. तेव्हा कुठं अमृताला जावेदभाई आठवले.

"सोमवारी गवंडी बोलवा. आपल्याकडं कुणाला असं का सुचत नाय?" सरांनी विचारलं.

"सुचेल, सर." भांडायचाही कंटाळा आला होता तिला.

बाहेर येऊन तिनं जावेदभाईंना फोन लावला. ते त्या दुसऱ्या कार्यालयाचे सुपरवायझर.

"सर बघून आले. सोमवारी गवंडी येतोय."

"मैं बोला था ना. मेरे साब को इतनाच बताया, अमृता मॅडम के हॉल में उतार है, पार्ट्यां उधर जा रईं. आठ दिन में बना डाले. देखने भी नईं आए तुम्हारे यहां." ते हसले, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. "अब मेरा एक काम. वाढपी लोगां खड़े-खड़े खाते. बैठने को जगा होना. तुम्हारे यहां है बोल दूं?"

"बोला. तुमच्याकडं झाली की आमच्याकडंही होईल."

मागं शेडमध्ये आशाबाई पट्टी बांधलेला पाय लांब करून लसूण सोलत बसली होती. अमृता तिच्याजवळ टेकली आणि उताराचं सांगितलं. कुणाचं बघून, तेही सांगितलं.

आशाबाईनं हातातली पाकळी ताटात टाकली.

"लई भली माणसं दिसत्यात ती. जरा आधी सुचायला पायजे व्हतं त्याहीला."

"व्हय," अमृता म्हणाली. "मीच त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं."