खिळ्यांचे यंत्र

एकतीस वर्षे तो खिळे पाडणाऱ्या यंत्रापाशी उभा राहिला. बायको रोज डब्याबरोबर कापसाचे दोन बोळे देई. ते खिशातच राहत, कारण यंत्र बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो आणि तो टिपायला कान मोकळे हवेत, असा त्याचा युक्तिवाद होता. उरलेले आयुष्य शांततेत काढायचे, या एका हट्टापायी त्याने राहते घर विकले आणि विजेच्या तारा संपतात त्याच्याही पलीकडे, रानात, झोपडी बांधली.

पहिल्याच सकाळी त्याला यंत्राची घरघर ऐकू आली. तीन दिवस त्याने सारे रान पालथे घातले.

"सापडला का तुमचा कारखाना?" चौथ्या दिवशी बायकोने दारातूनच विचारले.

"जवळच आहे कुठंतरी. ऐक ना, आत्ताही चालू आहे."

"अहो, चार कोसांत वीज नाही, यंत्र कशावर चालणार? कान वाजत असतील तुमचे."

त्याने दोन्ही कान गच्च दाबून पाहिले. घरघर तसूभरही कमी झाली नाही. त्याने सावकाश हात खाली घेतले.

"त्यापेक्षा हा पक्षी ऐका," ती वरच्या फांदीकडे बोट दाखवत म्हणाली. "पहाटेपासून नुसता गातोय. मीच उगाच भांडले तुमच्याशी. इथं आलो ते बरं झालं."

त्याने वर पाहिले.


पक्ष्याची चोच नुसतीच उघडत होती, मिटत होती. आणि यंत्र चालूच होते.