निषादचं नाव

“रोज दिवा लावशील तेव्हा माझ्या निषादचं नाव घे,” असं त्या आईनं भर कोर्टात सांगितलं होतं, आणि नशेच्या गोळ्या विकणाऱ्या इंदुमतीनं मान हलवली होती. तिच्याच एका गोळीनं निषाद गेला होता.

आता बारा वर्षांची शिक्षा चारवर आली होती. अट एवढीच, की त्या धंद्याच्या साऱ्या आठवणी यंत्रानं पुसून घ्यायच्या. इंदुमतीनं त्याविरुद्धच अपील केलं.

“मावशी, लोक त्या यंत्रासाठी रांगा लावतात,” तिची वकील हसली. “शिक्षा वाढवून मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या!”

न्यायमूर्तींनी विचारलं, “आठवणी ठेवून पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, याची खात्री काय?”

“साहेब, पुसलंत तर तो मुलगा माझ्या लेखी कधी नव्हताच. ज्याचं नाव रोज घेते, त्याच्यासारखा दुसरा माझ्या हातून जायचा नाही.”

अपील मंजूर झालं. माफ झालेली आठ वर्षं शिक्षेत परत आली.

“सावकाश चला, आता कसली घाई?” शिपाईण म्हणाली.

“दिवेलागण होईल गं,” म्हणत इंदुमती तुरुंगाच्या गाडीकडे निघाली.