लिफ्टपर्यंतची वाट

"मागचं दार असेलच की गं एखादं," पेर्लिता म्हणाली. "भाजी आत नेतात, कचरा बाहेर काढतात. ते कुठून?"

व्हिनेगरच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमधून मुलीचा, मारिबेलचा, आवाज आला. "नानांग, ते कामगारांचं दार. पाहुण्यांना तिथून सोडत नाहीत. मी सगळं विचारून बसलेय. गाडीतून उतरलं की समोर जुगाराचं दालन. खोलीत जायचं, जेवायला जायचं, साधं हात धुवायला जायचं, तरी त्या यंत्रांच्या रांगांमधूनच. लिफ्ट पार पलीकडे. वेगासची हॉटेलं बांधलीच आहेत तशी."

पेर्लिताने कागदी पिशवीवर पेन्सिलीने काढलेल्या वाटेवर काट मारली.

दोन रात्रींचा तर मुक्काम. वेगासला राहणाऱ्या मारिबेलच्या बाळाचा, नोएचा, पहिला वाढदिवस. आणि हवाईच्या माणसाकडे पहिला वाढदिवस लग्नाहून मोठा. जेवण त्याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर. नातीला दोघा आजी-आजोबांनी अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं.

सिंकपाशी पेर्लिताचा नवरा एलिसेओ मासे साफ करत होता. पाठ इकडे होती, लक्षही इकडेच होतं.

"तातांगना सांगितलंस ना?" मारिबेलने वडिलांबद्दल विचारलं. "त्या यंत्राला एकदा जरी हात लागला, तर त्या हातांनी नोएला उचलायचं नाही."

"सांगितलंय," पेर्लिता म्हणाली.

"ऐकतोय मी," एलिसेओ म्हणाला. सुरी थांबली, पुन्हा चालू झाली.

तेवढ्यात जाळीचं दार वाजलं आणि शेजारचा केकोआ, बाहेर चपला काढून, हसत आत आला. हातात पिकलेल्या केळ्यांची फणी आणि एक छोटं लाल पाकीट.

"काय अंकल, शेवटी कान बरे झाले म्हणायचे!"

हवाईतल्या त्यांच्या वायपाहू गावाची निम्मी वस्ती वेगासला जाऊन आलेली. ही दोघंच कधी गेली नव्हती. कुणी विचारलं, की पेर्लिता सांगायची, विमानात ह्यांचे कान दुखतात. केकोआ शेजारी राहायला आला त्याच्या आधीच्या गोष्टी, कोंबड्यांच्या झुंजी, मागच्या गल्लीतला अड्डा, उजाडलं तरी न परतणारा नवरा, त्याला कोण सांगणार?

केकोआने पाकीट पुढे केलं. गावातलं कुणी वेगासला निघालं, की शेजारीपाजारी आपल्या नशिबाची एक नोट त्याच्याबरोबर धाडतात. ती घेतली नाही, तर प्रसाद नाकारल्यासारखं होतं.

पेर्लिता झटकन उठली. "माझ्याकडे दे."

"छे, आंटी! तुम्ही ती चर्चच्या पेटीत टाकून मोकळ्या व्हाल." तो हसला. "अंकलच्या हाताला यश आहे. सगळ्या गल्लीत लिंबं धरतात ती ह्यांच्याच झाडाला. अंकल, मोठ्या खांबाजवळचं यंत्र. एकदाच दाबायचं. लागलं तर अर्धे तुमचे."

एलिसेओ वळला. पेर्लिताचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नव्हतं, हाताकडे होतं. त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, पत्ता सरकवताना घासतो तसा. किती वर्षांनी तिने ते पाहिलं.

"हात ओले आहेत माझे," एलिसेओ म्हणाला.

"मग खिशात ठेवतो की!" आणि केकोआने पाकीट त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवून वर एक थाप मारली.

नळ ठिबकत होता.

एलिसेओने दोन बोटांनी पाकीट बाहेर काढलं. लाल कागदावर माशाचे खवले चिकटले. ते त्याने केकोआच्या हातात ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"माझे कान कधीच दुखले नाहीत, केकोआ."

"म्हणजे?"

"जुगारी आहे मी. खेळत नाही आता. पण आहे."

केकोआने एकदा पेर्लिताकडे पाहिलं. ती पिशवीवरच्या रेघांकडे बघत होती. त्याने पाकीट मागच्या खिशात खोचलं, केळी ओट्यावर ठेवली आणि दारापाशी जाऊन चपलांत पाय घालता घालता म्हणाला, "तुमच्या कुत्र्याला दोन दिवस मी घालतो खायला. काळजी नको."

जाळीचं दार लागलं.

"तातांग," फोनमधून आवाज आला.

"हं."

"विमानतळावर मी येते. नोएला घेऊन."

एलिसेओ फोनकडे वळला.

"लहान मूल बरोबर असलं, की त्या दालनातून नुसतं चालत जाता येतं. उभं राहू देत नाहीत. यंत्रापाशी पाय रेंगाळला, की पहारेकरी येऊन हटकतो. कायदाच आहे तसा. बाबागाडी तुम्ही ढकला."

पेर्लिताने पेन्सिल खाली ठेवली.

एलिसेओने साबण घेतला आणि हात धुतले, कोपरापर्यंत. बोटांच्या बेचक्यांतूनही नीट पुसले. मग टेबलाजवळची खुर्ची त्याने दोन्ही हातांनी धरली आणि पुढे ढकलली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. तो तसाच चालत राहिला, ओट्याजवळून, फोनसमोरून, दारापर्यंत. मध्ये कुठेही न थांबता.