पिशवीतलं अस्वल

"आज कोर्टात अस्वल न्यायचंच," मारिसोल हटून बसली. नेल्डामावशी चाटच पडली.

मारिसोल सात वर्षांची. आईच्या दारूपायी कोर्टानं तिला नेल्डाकडे सांभाळायला दिलं होतं. कोर्टाच्या पहिल्या तारखेला तिथल्या शिपायानं, बेलीफनं, तिच्या हातात हे कापडी अस्वल ठेवलं आणि आई रडत दुसऱ्या दारानं बाहेर गेली. अस्वल तिथं येणाऱ्या प्रत्येक पोराला मिळतं. पण ही पोर त्याच्याशी कधी खेळलीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं ते कपाटावर ठेवलं. कुत्रा जवळ फिरकला, तरी त्याच्या अंगावर धावून जायची.

"कंजूष कुठली!" मावशी चिडवायची. "जरा खेळ की त्याच्याशी!"

"नको. मळेल."

कोर्टात आई, येसेनिया, समोरच्या टेबलाशी बसली होती. दारू सुटली होती, नोकरी लागली होती, भाड्यानं दोन खोल्याही घेतल्या होत्या. नेल्डाला मात्र पोरीचा लळा लागला होता, खोटं कशाला बोला?

मारिसोलच्या वकीलबाई शेजारी वाकून पुन्हा समजावत होत्या, "कोर्ट कुणाला शिक्षा करत नाही गं. आई सावरली का, एवढंच बघतं." मारिसोलनं नेहमीसारखी मान डोलावली.

जजबाईंनी कागद मिटले. "मारिसोल, आजपासून तू आईकडे राहायचंस. घरी जा, बाळा."

येसेनियानं हुंदका देत हात पसरले. पण मारिसोल जागची हलली नाही. पिशवी छातीशी धरून आईकडे नुसती बघत राहिली. येसेनियाचे हात हळूहळू खाली आले. नेल्डाच्या मनात एक वेडी आशा डोकावली आणि तिची तिलाच लाज वाटली.

मग मारिसोल उठली. आईला ओलांडून थेट दाराशी उभ्या असलेल्या बेलीफकडे गेली आणि दोन्ही हातांनी पिशवी त्याच्यापुढे धरली.

"हे घ्या, काका. आईच्या बदल्यात दिलं होतंत ना? बघा, लेबलपण काढलं नाहीये मी."